सवाईला प्रथमच येणाऱ्या श्रोत्याविषयी

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारी मंडळ,
आर्य संगीत प्रसारक मंडळ, पुणे



पुण्यात दर डिसेंबरात भरणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जे हजारो श्रोते येतात, त्यांत अभिजात संगीताच्या मोठ्या महोत्सवाला आयुष्यात प्रथमच आलेले काही जण दरवर्षी असतातच, आणि प्रस्तुत पत्र त्यांच्याविषयीचा काही विचार व काही विनंत्या मंडळापुढे ठेवण्यासाठी लिहिलेले आहे. कलाकारांची निवड, मंडपाची उभारणी, ध्वनियोजना, तिकिटांची व्यवस्था यांत मंडळाचे बरेच महिने जातात. जुन्या श्रोत्यांच्या आवडीनिवडी मंडळाला चांगल्या परिचयाच्या असतात, कारण ते श्रोते बोलतात, पत्रे पाठवतात, वाद घालतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. प्रथमच आलेला श्रोता मात्र यांतले काहीच करत नाही. मैफल त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर उणेपणा आपल्याच कानांत आहे असे समजून तो निमूटपणे उठून जातो, आणि तो परत आला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. महोत्सवाचे पुढचे श्रोते याच लोकांतून तयार व्हायचे असल्यामुळे त्यांचा विचार स्वागतकक्षापुरता न ठेवता कार्यक्रमाच्या आखणीतच व्हावा, असे या पत्राचे म्हणणे आहे.

महोत्सवाचा उगम लक्षात घेतला तर ही अपेक्षा परकी ठरत नाही. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य आणि किराणा घराण्याचे थोर गायक. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते निवर्तले आणि १९५३ मध्ये त्यांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी, जावई डॉ. नानासाहेब देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उत्सव सुरू केला. गुरूचे ऋण मानण्याचा हा मार्ग त्यांनी निवडला, तेव्हा एका खोलीत गुरूसमोर बसून मिळालेली विद्या चार लोकांत, आलेल्या कोणालाही ऐकता येईल अशा जागी मांडायची, हा निर्णय त्यात आपोआप अंतर्भूत होता. ती वाट त्याआधीच पडू लागली होती: विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत मध्यमवर्गाच्या दारात नेले, आणि १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत विष्णु नारायण भातखंडे यांनी ते विद्वानांच्या खुल्या चर्चेत आणले. दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात गाणाऱ्या गवयाला आपले श्रोते ठाऊक असत. महोत्सवात गाणाऱ्याला ते ठाऊक नसतात, आणि महोत्सवाचे मोठेपण नेमके या अनोळखीपणात आहे.

गाणाऱ्यांची जशी परंपरा असते तशीच ऐकणाऱ्यांचीही असते, फक्त तिची वंशावळ कोणी लिहून ठेवत नाही. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला, कोल्हापुरात देवल क्लब, पुण्यातच भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापलेला भारत गायन समाज, गणेशोत्सवातल्या बैठकी, संगीत नाटकांचे प्रयोग अशा ठिकाणी हा श्रोता घडत गेला. आणि तो बहुधा कोणाचे तरी बोट धरून आलेला असे. काका, मामा, शाळेतले एखादे मास्तर, पेटी वाजवणारा शेजारी अशा कोणाच्या तरी मागे बसून तो ऐकू लागे, आणि शेजारच्याची मान कोठे हलते, दाद कोठे जाते, कोठे सगळे गप्प होतात हे पाहत पाहत त्याचा कान तयार होई. आज महोत्सवाला येणारा नवा श्रोता पुष्कळदा एकटा किंवा तितक्याच नवख्या मित्रांबरोबर येतो. त्याने मोबाइलवर भीमसेनजींचे अभंग ऐकलेले असतात, ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट पाहिलेला असतो, एखाद्या तानेची दीड मिनिटाची ध्वनिचित्रफीत कोणी तरी त्याला पाठवलेली असते, आणि तेवढ्या ओढीने तो तिकीट काढतो. ही ओढ खरी असते आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या वडीलधाऱ्या सोबतीमुळे मागच्या पिढ्यांतली ओढ पुढे जाणतेपणात बदलली, ती सोबत या श्रोत्याला मिळालेली नाही, आणि तिची उणीव संस्थेलाच कोणत्या तरी रीतीने भरून काढावी लागणार आहे.

मंडपात बसल्यावर त्याला प्रथम काय भेटते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पडदा उघडतो, कलाकार येऊन बसतात, टाळ्या होतात, आणि मग बराच वेळ काहीच सुरू होत नाही असे त्याला वाटते, कारण तंबोरे लावणे चाललेले असते. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन, म्हणजे जोडीच्या, मध्य षड्जात मिळवतात, शेवटची खर्जात, आणि पहिली बहुधा मंद्र पंचमात. खुंट्यांनी सूर जवळ आणायचा आणि तारेत ओवलेले मणी सरकवून तो नेमका करायचा, ही झाली पहिली पायरी. दुसरी अधिक नाजूक असते. भोपळ्यावरच्या तबकडीवर जी रुंद घोडी असते, तिच्यावरून जाणाऱ्या तारेखाली एक सुताचा किंवा रेशमाचा धागा सरकवून अशा जागी आणायचा असतो, की तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत कंप पावेल आणि एका स्वराऐवजी त्या स्वराच्या पोटातले अनेक स्वर गुंजू लागतील. या गुंजारवाला जवारी म्हणतात, आणि मिरजेच्या कारागिरांची कीर्ती मुख्यतः घोडीचा हा पृष्ठभाग घासून सिद्ध करण्याच्या कौशल्यावर उभी आहे. धागा केसभर पुढे-मागे झाला तरी जवारी बंद होते. डिसेंबरातल्या संध्याकाळी हवा गार होत जाते, रंगमंचावर दिव्यांची ऊब असते, आणि या फरकाने तारा आणि तबल्याची पुडी दोन्ही उतरतात-चढतात, म्हणून तबलजी हातोडीने पुडीच्या कडेवर आणि गठ्ठ्यांवर ठोके देत तबला पुनःपुन्हा सुरात आणत असतो. जाणता श्रोता हा वेळ ऐकण्यात घालवतो. पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावली जात असेल तर मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग येणार, निषादाला लावली जात असेल तर कदाचित मारवा किंवा पूरिया, असा अंदाज तो बांधू शकतो. कार्यक्रम त्याच्या लेखी केव्हाच सुरू झालेला असतो. नवा श्रोता याच वेळात खिशातून मोबाइल काढतो, कारण हा गाण्याचाच भाग आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. कार्यक्रमपत्रिकेच्या एका पानावर तंबोऱ्याचे एक साधे रेखाचित्र आणि त्याच्या चार तारांविषयी आठ-दहा ओळी छापल्या, तरी हा वेळ त्याच्या पदरात पडेल.

यानंतर राग सुरू होतो, आणि राग म्हणजे काय हे समजावण्याच्या प्रयत्नात बहुतेक प्रास्ताविके अडखळतात, कारण ती स्वरांच्या यादीपासून सुरुवात करतात. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे दाखवण्यास दुपारचा मुलतानी पुरेसा आहे. मुलतानीत ऋषभ, गांधार आणि धैवत कोमल, म्हणजे आपल्या शुद्ध जागेपासून खाली उतरलेले, आणि मध्यम तीव्र, म्हणजे वर चढलेला; तोडीतही नेमके हेच स्वर आहेत. असे असूनही तोडी सकाळचा आणि मुलतानी दुपार उतरतानाचा, आणि दोन्हींच्या चेहऱ्यांत गल्लत होत नाही. मुलतानी चढताना मंद्र निषादावरून षड्जाला स्पर्श करून थेट गांधाराकडे जातो, ऋषभ आणि धैवत यांना चढताना थारा देत नाही आणि उतरताना त्यांच्यावर रेंगाळत नाही, पंचमावर मात्र निवांत विसावतो. तोडी कोमल ऋषभ, गांधार आणि धैवत यांच्याभोवती घुटमळत राहतो आणि पंचमाला जपून वापरतो. त्याच अक्षरांतून दोन वेगळे शब्द व्हावेत तसे हे आहे. नव्या श्रोत्याला श्रुती, थाट, वादी-संवादी या साऱ्यांची आधी गरज नसते. गायक कोणत्या स्वरावर थांबतो आणि कोणत्या स्वरावरून न थांबता जातो एवढेच ऐकत राहावे, असे त्याला कोणी सांगितले, तर अर्ध्या तासात राग त्याला ओळखू येऊ लागतो.

तालाच्या बाबतीतही एकच खूण पुरते, आणि ती म्हणजे सम. तालाचे चक्र जेथून सुरू होते आणि फिरून जेथे येते ती पहिली मात्रा म्हणजे सम. गायक बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, असा उचलतो की त्यातले एक ठराविक अक्षर नेमके त्या मात्रेवर पडावे. बडा ख्याल विलंबित, म्हणजे संथ लयीच्या एकतालात असेल, तर बारा मात्रांचे ते एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालू शकते, आणि एवढ्या लांब अंतरात नवख्याचे बोट सुटणे साहजिक आहे. पण पहिल्या काही आवर्तनांत मुखड्याचे ते अक्षर कोणते हे त्याने हेरले, की पुढच्या प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी त्याच्या मनात एक अपेक्षा तयार होऊ लागते: आलाप कोठेही भटकत असला तरी तो आता वळणार, मुखडा येणार, समेवर सारे एकत्र भेटणार. गायक त्या अपेक्षेशी खेळतो, तिला ताणतो, क्वचित चकवतो, आणि ती पुरी करतो. ख्यालगायनातला पुष्कळसा आनंद या अपेक्षेत आहे आणि तो मिळवण्यासाठी शास्त्र शिकावे लागत नाही; आवर्तने मात्र ऐकावी लागतात, पाच-सहा नव्हेत, वीस-पंचवीस तरी.

या पत्रातील मुख्य आग्रह येथेच आहे. नव्या श्रोत्याला सामावून घ्यायचे म्हणजे संगीत आखूड आणि सोपे करायचे, अशी समजूत देशातील अनेक महोत्सवांच्या आयोजनात हळूहळू रूढ होत गेली आहे. एका सत्रात अधिक कलाकार, प्रत्येकाला कमी वेळ, बडा ख्याल लवकर आटोपून द्रुत बंदिश, तिच्यानंतर लगेच तराणा किंवा अभंग, आणि शेवटी वाद्यांची जलद जुगलबंदी, असा आराखडा नवख्याच्या सोयीचा मानला जातो. वस्तुतः तो त्याच्यावर अन्याय करणारा आहे. जाणत्या श्रोत्याला पंचवीस मिनिटांचा पूरिया धनाश्री चालतो, कारण त्याच्या मनात आधी ऐकलेले अनेक पूरिया धनाश्री असतात आणि गायकाने जे गाळले ते तो स्वतः भरून घेतो. नवख्याजवळ असे काहीच साठलेले नसते, म्हणून जे गायले जात नाही ते त्याच्यापुरते अस्तित्वातच नसते. राग उलगडण्यापूर्वीच तो गुंडाळला गेला, तर नवख्याच्या हाती केवळ वेग लागतो, आणि वेग तर त्याने मोबाइलवरच्या त्या दीड मिनिटाच्या तुकड्यात आधीच पाहिलेला असतो. ज्याला कमी ठाऊक आहे त्याला अधिक वेळ द्यावा लागतो, ही गोष्ट प्राथमिक शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला मान्य होईल.

अभंग, ठुमरी किंवा नाट्यगीत गाऊ नये, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. स्वतः सवाई गंधर्व संगीत रंगभूमीवर गाजलेले नट होते, आणि भीमसेनजींच्या संतवाणीने लक्षावधी मराठी माणसांना त्यांच्या ख्यालाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडले, हे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. प्रश्न क्रमाचा आणि प्रमाणाचा आहे. तासभर एक राग ऐकून झाल्यावर येणारा अभंग श्रोत्याला काही वेगळेच देऊन जातो, कारण तोवर त्याचा कान गायकाच्या आवाजात मुरलेला असतो. त्या तासाऐवजी आलेला अभंग त्याला तो जेथे होता तेथेच ठेवतो. म्हणून मंडळाला अशी विनंती आहे की, प्रत्येक दिवशीच्या निदान एका कलाकाराला दीड तासाहून कमी नाही इतका वेळ द्यावा, हा वेळ एकाच मुख्य रागासाठी असल्याचे वेळापत्रकात स्पष्ट करावे, आणि प्रथमच येणाऱ्यांनी याच बैठकीला यावे असे जाहीरपणे सुचवावे. यासाठी एखाद्या दिवशी कलाकारांची संख्या एकाने कमी करावी लागली, तर ती हानी सोसण्याजोगी आहे. तरुण कलाकारांना सवाईचा मंच मिळण्याचे महत्त्व कोणी नाकारणार नाही, परंतु त्यांनाही चाळीस मिनिटांत सर्व काही दाखवण्याची घाई करावी लागते, आणि ही घाई त्यांच्या गाण्याला लागलेली दिसते.

वेळेविषयीचा दुसरा प्रश्न घड्याळाच्या वेळेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर नेमलेले आहेत, आणि या संकेतांची जी मांडणी भातखंड्यांनी केली तिच्यानुसार दिवसाचे दोन अर्ध पडतात: दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंतच्या रागांत प्रमुख स्वर, ज्याला वादी म्हणतात, तो सप्तकाच्या खालच्या अर्धात म्हणजे पूर्वांगात असतो, तर मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतच्या रागांत तो वरच्या अर्धात, म्हणजे उत्तरांगात असतो. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यावर विद्वानांचे मतभेदही आहेत, पण त्यातले तथ्य कानाला पटते. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्यावेत. तिन्हींचे स्वर तेच: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. मारवा सूर्यास्ताच्या वेळचा, संधिप्रकाशाचा राग. त्यात ऋषभ आणि धैवत यांच्यावर असा भर असतो की षड्जाचा आधार बराच वेळ मिळू नये आणि एक अस्वस्थता भरून राहावी. पूरिया गांधार आणि निषादाच्या आधाराने मंद्र सप्तकात खोल उतरतो आणि शांत होतो. सोहनी मात्र रात्रीच्या अखेरच्या प्रहराचा. तो तार षड्जाला जाऊन भिडतो आणि बहुतेक वेळ वरच वावरतो. या तिघांना त्यांच्या त्यांच्या वेळी एकाच रात्रीत ऐकलेल्या माणसाला राग या कल्पनेविषयी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

सवाई महोत्सव एकेकाळी रात्र-रात्र चालत असे आणि शेवटच्या रात्रीची सांगता सकाळी होत असे, त्यामुळे हा अनुभव पुणेकरांना दुर्मीळ नव्हता. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या नियमांच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरला, आणि वर्षातून एकूण पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देण्याचा राज्य शासनाचा अधिकार मान्य केला. हे नियम योग्य आहेत. मंडपाच्या आसपास आजारी माणसे, तान्ही मुले आणि पहाटे कामावर जाणारे लोक राहतात, आणि उत्तम संगीतालाही त्यांची झोप मोडण्याचा अधिकार पोहोचत नाही. पण परिणाम असा झाला आहे की, सत्रे दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतात, एखाद्या सत्रालाच मध्यरात्रीपर्यंत मुभा मिळते, आणि भातखंड्यांच्या विभागणीतला एक संपूर्ण अर्ध, उत्तरांगाचा, महोत्सवातून जवळपास नाहीसा झाला आहे. सोहनी, ललत, भटियार, जोगिया, भैरव, तोडी यांना त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी आज प्रथमच येणाऱ्याला सवाईत मिळू शकत नाही. जुन्या श्रोत्याला काय गेले हे निदान आठवते. नव्या श्रोत्याला ते कधी होते याचीही कल्पना नसते, आणि संध्याकाळचे आठ-दहा राग हीच आपल्या संगीताची व्याप्ती, असे त्याने समजणे स्वाभाविक आहे.

त्याच नियमांत यावरचा मार्गही आहे. रात्रीच्या मनाईतून बंदिस्त जागा, म्हणजे प्रेक्षागृहे, सभागृहे यांसारखी ठिकाणे, जेथे ध्वनी आतल्या आत राहतो, ती वगळलेली आहेत. आणि कोलकात्याचे डोव्हर लेन संगीत संमेलन, ज्याचा आरंभ १९५२ चा म्हणजे सवाईच्या आदल्याच वर्षीचा, आजही नझरुल मंचात रात्रभराच्या बैठकी भरवून पहाटेपर्यंत चालते. पुण्यात महोत्सवाच्या एका रात्री मुकुंदनगरच्या मंडपातले सत्र संपल्यानंतर स्वारगेट परिसरातल्या किंवा अन्य एखाद्या मोठ्या बंदिस्त सभागृहात मध्यरात्र ते सकाळ अशी एकच बैठक भरवणे अशक्य नसावे. चार कलाकार पुरेत: मध्यरात्री दरबारी किंवा बागेश्री, मग मालकंस, उत्तररात्री सोहनी, उजाडताना ललत आणि त्यानंतर भैरव किंवा तोडी. सभागृहात हजारो माणसे मावणार नाहीत हे खरे, आणि म्हणूनच त्यातल्या जागांचा एक ठरावीक हिस्सा पूर्वी कधीही महोत्सवाला न आलेल्यांसाठी राखून ठेवावा, ही विनंती आहे. ज्यांनी जुन्या रात्री पाहिल्या आहेत ते या जागांसाठी आग्रह धरतील आणि त्यांचा आग्रह समजण्यासारखा असेल, तरीही मंडळाने येथे नव्यांच्या बाजूने ठाम राहावे.

याहून लहान, परंतु लगेच करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. आपल्याकडील संगीतसभांच्या निवेदनात कलाकाराची गुरुपरंपरा आणि त्याला मिळालेले पुरस्कार विस्ताराने सांगितले जातात, रागाचे नाव मात्र पुष्कळदा कलाकाराच्या मर्जीवर राहते. तो सांगतो, कधी पुटपुटतो, कधी सांगतच नाही. कलाकार अखेरच्या क्षणी राग बदलतात, आणि त्यांचे ते स्वातंत्र्य अबाधित राहिले पाहिजे. पण गायन सुरू झाल्यावर मंडपातल्या मोठ्या पडद्याच्या एका कोपऱ्यात राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द दाखवण्यात कोणाच्याच स्वातंत्र्याला बाध येत नाही. नव्या श्रोत्याला घरी गेल्यावर तोच राग दुसऱ्या कोणाकडून ऐकता येईल, ही त्यातली मोठी सोय आहे. महोत्सवाच्या काळात सवाई गंधर्व स्मारकात मंडळ ‘षड्ज’ या नावाने संगीतविषयक लघुपट दाखवते आणि ‘अंतरंग’ मध्ये कलाकारांशी संवाद घडवते. दोन्ही उपक्रम मोलाचे आहेत, तथापि तेथे येणारा वर्ग बहुतेक आधीच जाणता असतो. त्यांतला एक दिवस पूर्णपणे नवख्यांना द्यावा, आणि त्या दिवशी एखाद्या अनुभवी गायकाने आणि तबलजीने संध्याकाळी गायला जाण्याची शक्यता असलेल्या दोन-तीन रागांचे चलन व एका तालाची सम प्रत्यक्ष गाऊन-वाजवून दाखवावी. भाषण तेथे जितके कमी होईल तितके चांगले.

शेवटी बसण्याचा प्रश्न. महोत्सवात खुर्च्यांबरोबर भारतीय बैठक असते, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्यांवर मांडी घालून बसण्याची जागा, आणि श्रोत्यांची ती जुनी अनौपचारिक शाळा जेथे अजून थोडीबहुत भरते ती जागा हीच आहे. तेथे अनोळखी माणसे डबा उघडतात, शेजाऱ्याला सरकून जागा देतात, आणि मैफल संपल्यावर आपसात बोलतात. नवख्याच्या हातून येथे चुका होतात: तो विलंबित आलापाच्या मध्येच उठतो, तान संपण्यापूर्वी टाळ्या वाजवतो, मोबाइल उंच धरून चित्रण करतो. यांतल्या काही चुका इतरांना खरोखर त्रासदायक असतात आणि त्या थांबवल्याच पाहिजेत; मात्र ज्या रीतीने त्याला गप्प केले जाते, तिच्यात कधी कधी हे ठिकाण त्याचे नाही असा सूर उमटतो. मंडळाकडे स्वयंसेवक आहेत आणि वर्षानुवर्षे येणारे, मनाने उदार असे श्रोतेही पुष्कळ आहेत. यांच्यातून इच्छुक असतील त्यांची नावे आधी मागवून, भारतीय बैठकीच्या पुढच्या भागात काही रांगा अशा ठेवाव्यात की तेथे प्रत्येक चार-पाच नव्यांमागे एक जाणता श्रोता बसेल. त्याने शिकवू नये, केवळ शेजारी असावे, आणि मध्यंतरात चहाच्या टपरीपर्यंत जाताना कोणी काही विचारले तर सांगावे.

महोत्सवाच्या अखेरीस सवाई गंधर्वांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण ऐकवले जाते. भैरवी ही खरे तर सकाळची, पण मैफल कोणत्याही वेळी संपो, तिच्या शेवटी ती गाण्याचा प्रघात आहे. त्या वेळी ऐकू येतो तो आवाज कोणाचा, त्या गायकाचे भीमसेनजींशी आणि या उत्सवाशी नाते काय, हे नव्याने आलेल्यास माहीत असतेच असे नाही. ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वी तीन-चार वाक्यांत ते सांगण्याची प्रथा पाडावी, ही आणखी एक छोटी विनंती. आगामी महोत्सवाचे कलाकार ठरवण्याचे काम मंडळ बरेच आधी हाती घेत असल्यामुळे, दीड तासाच्या बैठकी आणि रात्रीच्या सभागृहाची चौकशी या दोन गोष्टींचा विचार त्याच वेळी व्हावा. वेळापत्रक छापून आल्यावर त्यांना जागा करणे कठीण होते. रात्रीच्या बैठकीला लागणारा खर्च तिकिटांतून पूर्ण निघणार नाही अशी शक्यता आहे, आणि तसे असल्यास मंडळाने जाहीर आवाहन करावे. पुण्यातले श्रोते त्याला प्रतिसाद देतील.



महोत्सवाचा एक नियमित श्रोता